नायजेरियाला क्रीम पाठवणाऱ्या महाराष्ट्रातल्या उत्पादकांना खुलं पत्र

प्रति,
वसई, पालघर, भिवंडी, पुणे, कोल्हापूर आणि महाराष्ट्रात इतरत्र राहून पश्चिम आफ्रिकेला सौंदर्यप्रसाधनं पाठवणारे किंवा पाठवू इच्छिणारे सर्व लहान-मध्यम उत्पादक आणि मर्चंट एक्स्पोर्टर

सप्रेम नमस्कार.

परदेशात माल विकायचा तर आधी तिथल्या सरकारकडे त्याची नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीची कागदपत्रं तयार करणं हे माझं काम. फार्मसी शिकून मी यात आले, आणि आता माझा बहुतेक वेळ पश्चिम आफ्रिकेच्या, त्यातही नायजेरियाच्या फायलींत जातो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी फोनवर बोलणं होतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, नॅफडॅक नंबर किती दिवसांत मिळेल आणि सगळा मिळून खर्च किती येईल?" नॅफडॅक नंबर म्हणजे नायजेरियाच्या सरकारी संस्थेनं दिलेला नोंदणी क्रमांक.

प्रश्न रास्त आहे. पैसा अडकलेला असतो, तिकडची पार्टी, म्हणजे माल घेणारा व्यापारी, रोज व्हॉट्सॲपवर विचारत असते. त्याचं उत्तर पुढे देते. पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते आधीच सांगते. जे क्रीम महाराष्ट्रात स्वतःच्या नावानं विकायला तुम्ही धजणार नाही, ते नायजेरियाच्या नोंदणीसाठी पुढे करू नका. "तिकडे चालतं" हे वाक्य आपल्या धंद्यात फार सहज उच्चारलं जातं. ते खरं नाही, आणि खरं असतं तरी ते आपल्या तोंडी शोभलं नसतं.

नॅफडॅक म्हणजे नॅशनल एजन्सी फॉर फूड अँड ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन अँड कंट्रोल. आपल्या अन्न व औषध प्रशासनासारखी, पण साऱ्या देशासाठी एकच असलेली ही संस्था 1993 मध्ये स्थापन झाली. तुमच्यातले काही जण तिला पैसे उकळणारं एक खिडकी-ऑफिस समजतात, म्हणून तिचा इतिहास थोडा सांगायलाच हवा. 1990 मध्ये नायजेरियात पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आलं आणि चाळीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. मुंबईच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. 1986 मध्ये आपल्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे 14 रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध प्रशासनाचा कारभार चव्हाट्यावर आणला. नायजेरियात 2008-09 मध्ये दात येणाऱ्या बाळांच्या औषधात तेच विष पुन्हा सापडलं आणि 84 मुलं गेली. हे विष ज्यांत मिसळलं जातं ते ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल तुमच्या लोशनमध्येही असतं. नॅफडॅकचा अधिकारी कच्च्या मालाचा विश्लेषण अहवाल परत परत मागतो, तेव्हा त्यामागे ही मुलं असतात.

या संस्थेला धाक मिळवून दिला तो डोरा अकुनयिली यांनी. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. 1988 मध्ये त्यांची मधुमेही बहीण बनावट इन्सुलिनमुळे गेली. 2001 मध्ये नॅफडॅकच्या प्रमुख झाल्यावर त्यांनी बनावट औषधांच्या व्यापाऱ्यांवर हात टाकला. 2003 च्या डिसेंबरात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. गोळी डोक्याला बांधलेल्या रुमालातून आरपार गेली आणि त्या थोडक्यात वाचल्या. पुढच्या वर्षी संस्थेच्या इमारतींना आगी लावल्या गेल्या. त्यांनी काम सोडलं नाही. 2014 मध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं, तेही उपचारासाठी आलेल्या असताना, भारतातल्या एका रुग्णालयात. ज्या देशाच्या मालावर त्यांनी पदावर असताना करडी नजर ठेवली, त्याच देशाच्या डॉक्टरांवर त्यांनी शेवटी विश्वास टाकला. मला हे फार लागून राहतं.

भारताच्या मालावर नजर का, हेही सांगते. 2009 मध्ये लागोसला मलेरियाच्या बनावट गोळ्यांचा साठा पकडला गेला. त्यावर "मेड इन इंडिया" छापलेलं होतं, प्रत्यक्षात माल चीनमध्ये बनलेला होता. त्या वेळी आपण निर्दोष होतो आणि आपल्या सरकारनं चीनकडे निषेधही नोंदवला. पण 2025 च्या फेब्रुवारीत तसं म्हणायची सोय उरली नाही. पालघरच्या एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या, व्यसन लावणाऱ्या आणि कुठेही मान्यता नसलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर पोचत असल्याचं पत्रकारांनी पुराव्यासह दाखवलं. केंद्र आणि राज्याच्या पथकांनी धाड टाकली, त्या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी काढून घेण्यात आली. तो औषधाचा कारखाना होता, तुमचा क्रीमचा आहे. पण लागोसच्या ओशोडी भागातल्या कार्यालयात तुमची फाइल उघडणाऱ्या माणसाला पत्त्यात "पालघर, महाराष्ट्र" दिसतं, एवढंच. भारतातून निघणाऱ्या मालाची जहाजात चढण्याआधी तपासणी व्हावी, अशी व्यवस्था नॅफडॅकनं करून ठेवली आहे ती या अनुभवांतूनच. न्हावा शेवाला त्यात चार दिवस गेले म्हणून चिडण्याआधी हे आठवा.

आता कागदांकडे येते. नोंदणीचा अर्ज तुम्ही स्वतः करत नाही, नायजेरियात नोंदलेली कंपनी तुमच्या वतीनं ऑनलाइन करते. म्हणून पहिला कागद पॉवर ऑफ ॲटर्नी. कंपनीच्या मालकानं किंवा व्यवस्थापकीय संचालकानं सही केलेला, नोटरी झालेला, उत्पादनांची नावं एकेक करून लिहिलेला, आणि ब्रँड कोणाच्या मालकीचा हे स्पष्ट सांगणारा. दुसरा कागद निर्मिती आणि मुक्त विक्रीचा दाखला, ज्याला आपण एफएससी म्हणतो. तो आपल्याकडच्या प्रशासनाकडून घ्यायचा आणि दिल्लीच्या नायजेरियन उच्चायोगाकडून साक्षांकित करायचा. मग ब्रँडची तिथल्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयातली नोंद, विश्लेषणाचे अहवाल, लेबलचं आर्टवर्क, नमुने आयात करण्याची परवानगी, नमुन्यांची तिकडच्या प्रयोगशाळेत तपासणी, आणि कारखान्याची पाहणी. सगळं पार पडलं की नंबर मिळतो, आणि तो पाच वर्षं चालतो.

किती दिवस? नियमांत मुदत ठरवून दिलेली आहे, पण त्यांनी उणीव काढून पत्र पाठवलं की घड्याळ थांबतं आणि तुमचं समाधानकारक उत्तर पोचेपर्यंत थांबूनच राहतं. म्हणजे वेळ तुमच्या हातात आहे. पहिल्याच वेळी पूर्ण आणि खरी फाइल गेली तर काम मुदतीच्या आसपास होतं. लेबलवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, अहवालात तिसरं असेल तर वर्ष निघून जातं. बहुतेक अडलेल्या फायली मी याच कारणानं अडलेल्या पाहते : "हर्बल ग्लो क्रीम" आणि "हर्बल ग्लो फेस क्रीम" या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असं तिकडचा अधिकारी समजतो, आणि त्याचं बरोबर असतं. खर्चाचंही तसंच. सरकारी फी ही त्यातली छोटी बाब. छापून झालेली लेबलं फेकून पुन्हा छापणं, दाखला पुन्हा काढून पुन्हा दिल्लीला पाठवणं यात पैसे जातात. आणि कोणी "नमुने न देता नंबर काढून देतो" म्हणाला तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. अर्ज केला किंवा पैसे भरले म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही, हे नॅफडॅकनं आपल्या सूचनांमध्येच लिहून ठेवलं आहे. मिळालेला नंबर रद्द करण्याचा अधिकारही ते राखून ठेवतात.

एफएससीवर जरा थांबते, कारण गैरप्रकाराची सुरुवात इथून होते. हा दाखला सांगतो की अमुक वस्तू अमुक कारखान्यात परवान्याखाली बनते आणि तिची विक्री आपल्या देशाच्या कायद्याला धरून आहे. नायजेरियाचं सरकार आपल्या सरकारच्या या शब्दावर विसंबून पुढे जातं. आता असं होतं : पार्टीला हवा असलेला फॉर्म्युला वेगळा असतो, इथे तो कधीच विकायचा नसतो. मग इथे विकल्या जाणाऱ्या साध्या मॉइश्चरायझरच्या नावावर दाखला काढायचा, आणि तेच नाव छापलेल्या डब्यात दुसरंच क्रीम भरायचं. मला अशी विचारणा झाली आहे, एकदा नव्हे. "मॅडम, नाव तेच आहे ना, मग कागद बरोबरच आहे." नाही. असा दाखला जोडणं म्हणजे आपल्या प्रशासनाच्या शिक्क्याआडून परक्या देशाला फसवणं आहे. आपल्या प्रशासनालाही माझी विनंती आहे की दाखला देताना उत्पादनांच्या याद्या डोळे मिटून मंजूर करू नयेत. वस्तू इथल्या एखाद्या दुकानात खरोखर मिळते का, याचं एखादं बिल मागितलं तरी पुरे.

पॉवर ऑफ ॲटर्नी आणि ट्रेडमार्कच्या बाबतीत तर तुम्हीच फसता, म्हणून तेही सांगते. घाईत तुम्ही पार्टीला सांगता, "ब्रँड तिकडे तुम्हीच नोंदवा, आम्हाला त्रास नको." मग ट्रेडमार्क त्याच्या नावावर, नॅफडॅक नंबरही त्याच्या अर्जावर. तुम्ही दिलेला अधिकार किमान पाच वर्षांसाठी असावा अशी अपेक्षा असते. दोन-तीन वर्षं माल छान खपतो, तुम्ही जाहिरातीला पैसे देता, आणि मग एक दिवस त्याच नावाचं क्रीम दुसऱ्याच कारखान्यातून बनून लागोसच्या बालोगन बाजारात आलेलं दिसतं. तुम्ही काही करू शकत नाही, कारण कागदावर ब्रँड कधी तुमचा नव्हताच. म्हणून आधी अबुजा या तिथल्या राजधानीत, वर्ग 3 मध्ये (सौंदर्यप्रसाधनांचा वर्ग) स्वतःच्या नावानं ट्रेडमार्कचा अर्ज करा, त्याची पोच हातात आल्यावरच पॉवर ऑफ ॲटर्नीवर सही करा. पार्टी बदलायची वेळ आली तर काय करायचं, हे त्यातच लिहून घ्या. पहिल्या कंटेनरच्या उत्साहात हे कोणी करत नाही. लेबलचंही मी जास्त सांगत नाही : घटक "हळद अर्क" असं न लिहिता आंतरराष्ट्रीय नावानं लिहावे लागतात, कारखान्याचा पूर्ण पत्ता लागतो, बॅच, निर्मिती आणि मुदत स्पष्ट असावी लागते, आणि "मुरुम बरे करते" असं लिहिलंत की वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरते. जाहिरातीला वेगळी परवानगी लागते, ती नोंदणीत आपोआप येत नाही.

आता मुख्य मुद्दा.

तिकडून येणारी सगळ्यात मोठी मागणी कशाची असते हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. उजळ करणारं क्रीम हवं असतं. "टोनिंग" म्हणतात, "ग्लो" म्हणतात, "मिल्क" म्हणतात. आणि मग तो मेसेज येतो : स्ट्राँग पाहिजे, सात दिवसांत फरक दिसला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकात नायजेरियातल्या 77 टक्के स्त्रिया अशी उत्पादनं नियमित वापरतात असा आकडा आहे, आणि नॅफडॅकच्या महासंचालक मोजिसोला अडेयेये यांनी 2023 मध्ये याला राष्ट्रीय आणीबाणी म्हटलं. त्याच माहितीपत्रकात भारताचंही नाव आहे. आपल्याकडच्या त्वचेच्या उत्पादनांच्या बाजारात 61 टक्के वाटा उजळपणाच्या उत्पादनांचा असल्याचं त्यात म्हटलं आहे. वधूवरसूचक जाहिरातींत "गोरी", "उजळ", "निमगोरी" वाचत मोठ्या झालेल्या आपल्या समाजाला लागोसच्या मुलीच्या मनातलं दुखणं कळायला अवघड जाऊ नये. त्या दुखण्यावर आपण पैसे कमावतो आहोत.

सात दिवसांत रंग बदलणाऱ्या क्रीममध्ये तीनपैकी काहीतरी असतं, चौथा चमत्कार नाही. एक म्हणजे पारा. तो त्वचेतलं मेलॅनिन तयार होणं रोखतो, त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. क्रीम लावलेल्या बाईच्या हातातून, उशीच्या अभ्र्यातून, खोलीतल्या वाफेतून तो तिच्या बाळापर्यंत जातो. डब्यावर "कॅलोमेल" किंवा "मर्क्युरस क्लोराइड" असं लिहिलेलं असतं किंवा काहीच नसतं, फक्त "चांदी, सोनं, ॲल्युमिनियमच्या वस्तूंपासून दूर ठेवा" अशी एक विचित्र सूचना असते. दुसरं हायड्रोक्विनोन, जे डॉक्टरच्या देखरेखीबाहेर महिनोन् महिने लावलं की गालावर निळसर-काळे डाग उठतात आणि ते जाता जात नाहीत. म्हणजे जिला रंग हवा होता ती आधीपेक्षा काळवंडते, आणि मग त्यावर आणखी क्रीम लावते. तिसरं स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. त्यानं कातडी कागदासारखी पातळ होते, जखमा भरेनाशा होतात, बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेनंतर टाके धरत नाहीत. आपल्याच देशात हा त्रास इतका वाढला की 2018 मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत.

हे सगळं आफ्रिकेत घडतं असं कोणी समजत असेल तर अकोल्याची घटना आठवा. तिथल्या एका विद्यार्थिनीला, तिच्या आईला आणि बहिणीला एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएममध्ये डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला, आणि तो थोडाथोडका नव्हता. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. या बायांना निदान केईएमसारखं रुग्णालय तरी लाभलं. नायजेरियातल्या कानोच्या किंवा ओनित्शाच्या गल्लीतल्या बाईची लघवी कमी झाली तर ती क्रीमचा डबा घेऊन कोणाकडे जाणार?

कायदा तर आता अगदी स्पष्ट आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत आणि नायजेरिया दोघेही आहेत. त्यात पूर्वी दहा लाखांत एक भाग पारा चालेल अशी पळवाट होती. 2023 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ती काढून टाकली गेली आणि पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं 2025 पर्यंत बंद करायचं ठरलं. नायजेरियाच्या नियमांत पारा आणि स्टेरॉइड सौंदर्यप्रसाधनात चालत नाहीत, हायड्रोक्विनोनवर बंधन आहे. शेजारच्या घानानं 2016 पासून हायड्रोक्विनोन अजिबात चालवून घेतलेलं नाही. आयव्हरी कोस्टनं 2015 मध्ये उजळपणाच्या क्रीमवर बंदी आणली. आणि दक्षिण आफ्रिकेनं तर 1990 मध्येच, डॉक्टर आणि वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांच्या रेट्यानंतर, हायड्रोक्विनोन काढून टाकलं आणि डब्यावर "गोरं करणारं" असं लिहायलासुद्धा मनाई केली. आपण आजही ते टीव्हीवर पाहतो. तेव्हा "तिकडे चालतं" असं म्हणताना नक्की कुठल्या तिकडचं बोलतो आहोत?

बाजारात मिळतं, हे खरं. लागोसच्या बाजारात बादलीत तीन-चार क्रीम कालवून "ऑरगॅनिक" म्हणून विकणारे आहेत, आणि त्यात भारतातून गेलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूब पिळलेल्या असतात. पण बाजारात मिळतं आणि कायद्यानं चालतं यातलं अंतर मिटवण्यासाठीच नॅफडॅकचे लोक धाडी घालतात, गोदामं सील करतात. तुम्ही त्या अंतरात धंदा करायचं ठरवलं तर तुमच्या डब्यावर छापलेल्या गावाचं नाव त्या धाडीत निघेल.

"मग आम्ही विकायचं काय?" असं मला विचारलं जातं आणि त्याचं उत्तर द्यायला मला आवडतं. नायजेरियाची लोकसंख्या 20 कोटींहून अधिक आहे, आणि त्यांच्या गरजा उजळपणावर संपत नाहीत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा येतो. ओठ फाटतात, टाचा फुटतात, अंगावर पांढरट भुकटी दिसते. त्या ऋतूसाठी घट्ट, न चिकटणारं बॉडी क्रीम लागतं. कुरळ्या, ठिसूळ केसांसाठी तेलं, पोमेड, कंडिशनर लागतात, आणि तेलाच्या कामात आपले कारागीर कोणाला हार जाणार नाहीत. एरंडेल आपल्या पश्चिमेच्या शेतांतलं, शिया या झाडाच्या बियांचं लोणी त्यांच्या जमिनीतलं. नायजेरिया हा जगातला सर्वात मोठा शिया उत्पादक, आणि कच्च्या शियाच्या बिया बाहेर पाठवण्यापेक्षा देशातच प्रक्रिया व्हावी म्हणून 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कच्च्या मालाच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. ज्याला पुढची वीस वर्षं तिथे धंदा करायचा आहे त्यानं ही बातमी नीट वाचावी. तिकडच्या एखाद्या प्रामाणिक कंपनीबरोबर तिथेच भरणी आणि पॅकिंग करण्याचा विचार करणाऱ्यांना मी मनापासून मदत करीन. अशा मालाची नोंदणीही सोपी असते, कारण लपवायचं काही नसतं : अहवाल लेबलशी जुळतो, लेबल दाखल्याशी जुळतं, आणि प्रयोगशाळेला डब्यात तेच सापडतं जे तुम्ही लिहिलं आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. फॉर्म्युला बनवणाऱ्या केमिस्टनं पूर्ण, शंभर टक्के बेरीज येणारा फॉर्म्युला सहीनिशी द्यावा. "प्रोप्रायटरी ब्लेंड, 4 टक्के" अशी ओळ मला चालणार नाही, कारण नेमक्या त्या चार टक्क्यांत सगळं दडलेलं असतं. थर्ड पार्टी कारखान्यात माल बनवून घेत असाल तर तो फॉर्म्युला तुम्ही स्वतः पाहिलेला असावा. त्वचेवर राहणाऱ्या प्रत्येक क्रीमच्या प्रत्येक निर्यात बॅचची पाऱ्यासाठी, आणि उजळपणाचा जरासाही दावा असेल तर हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइडसाठीही, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. एका कंटेनरच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही. निर्यातीचा फॉर्म्युला आणि इथला फॉर्म्युला यांत फरक असेल तर तो का, हे लिहून द्यावं. सुगंध किंवा घट्टपणा बदलला असेल तर कोणाची हरकत नाही. आणि जिल्ह्यांतल्या औद्योगिक संघटनांनी हा विषय आपल्या बैठकीत घ्यावा. "स्ट्राँग" मालाची मागणी घेऊन एखादी पार्टी एका गाळ्यातून नकार मिळाला की शेजारच्या गाळ्यात जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. दोघांनी मिळून नकार दिला तर ती तिसरीकडे जाईल, पण तिसऱ्यानंही दिला तर?

मला माहीत आहे की तुमच्यापैकी बहुतेक जण नीट काम करतात. बँकेचे हप्ते, पगार, वीज, कच्च्या मालाचे भाव सांभाळत कारखाना चालवणं काय असतं हे मी रोज जवळून बघते. 2023 मध्ये नायराचा, म्हणजे नायजेरियाच्या चलनाचा, भाव कोसळला तेव्हा अनेकांचे पैसे तिकडे अडकले आणि तरीही त्यांनी कामगारांचे पगार थांबवले नाहीत, हेही मी पाहिलं आहे. म्हणूनच हे पत्र आपल्या माणसांना लिहिते आहे. कोणाचा असा एखादा डबा लागोसच्या प्रयोगशाळेत पकडला गेला तर त्याची किंमत, त्याच्याशी काही संबंध नसताना, तुम्ही मोजाल.

यापुढे माझ्याकडे नायजेरिया किंवा घानाची फाइल पाठवताना पहिल्या पानावर पूर्ण फॉर्म्युला आणि दुसऱ्या पानावर त्याच बॅचचा पाऱ्याचा अहवाल जोडा. ते नसतील तर मी काम हाती घेणार नाही. नोंदणीचं काम करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनीही हीच अट घालावी अशी माझी त्यांना विनंती आहे. ज्यांना कागद कसे जुळवायचे हे समजून घ्यायचं आहे, ट्रेडमार्कचा अर्ज कसा करायचा हे विचारायचं आहे, त्यांनी निःसंकोच विचारावं. त्यासाठी मी शुल्क घेणार नाही.

आपली,
परदेशी नोंदणीचं काम करणारी एक फार्मासिस्ट,
ठाणे